नऊ नंबर कुणाकडं

हरिश्चंद्र साळोखेला फुटबॉलमधलं कळतं, याबद्दल कुवेतमधल्या मराठी माणसांत दुमत नव्हतं. खुद्द हरिश्चंद्रचं तर नव्हतंच नव्हतं. गडी कोल्हापूरचा. मंगळवार पेठेत तालमीच्या टीममधून हाफ खेळला, गुडघा गेला, आणि गुडघ्याचा एक्स-रे काढायला जिथं गेला तिथं त्या मशीनच्याच नादाला लागला. डिप्लोमा केला, कुवेतला आला, सरकारी हॉस्पिटलात टेक्निशियन म्हणून चिकटला आणि खैतानच्या एका जुन्या बिल्डिंगीत बायकोबरोबर राहून केस पिकवले. मुलगी शिकायला पुण्याला. सकाळी ड्युटी, दुपारी डुलकी, आणि संध्याकाळी एका खासगी कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवायचा. या तिसऱ्या गोष्टीसाठी तो पहिल्या दोन करत होता, असं त्याची बायको रसिका म्हणायची, आणि ती काही खोटं बोलत नव्हती.

तो येण्याआधी ही टीम दर वर्षी पहिल्याच फेरीत मार खाऊन घरी यायची. इजिप्तची, सीरियाची, केरळची, लाहोरची पोरं. कुणाचं कुणाला कळायचं नाही. हरिश्चंद्रनं हिंदी, मोडकीतोडकी अरबी आणि शिट्टी यांची मिसळ करून त्यांना एका रांगेत आणलं. अरब पोरं त्याला ‘कॅप्टन’ म्हणायची, बाकीची ‘सर’. फक्त महबूब मुकादमशी तो मराठीत बोलायचा. महबूब मूळचा हर्णैचा, बापाचं खैतानलाच मोबाइल दुरुस्तीचं दुकान. राइट बॅकला खेळायचा. बोलणं कमी, पण अंगावर आलेला माणूस त्यानं सोडलाय असं अख्ख्या सीझनमध्ये झालं नव्हतं. प्रॅक्टिस संपली की दोघं मिळून गोलाचं जाळं गुंडाळायचे आणि हर्णैची सुरमई भारी की कोल्हापूरचा पांढरा रस्सा, यावर हातघाईवर यायचे. दिवसभर चार भाषांत जीभ वाकडी केलेल्या हरिश्चंद्रला ती घटका फार आवडायची.

टीममध्ये आणखी एक मराठी पोरगा होता, प्रणय. तो वीणाताई देशमान्यांचा. वीणाताई त्याच हॉस्पिटलात आयसीयूच्या सीनियर सिस्टर, मूळच्या लातूरच्या. रसिकाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतःची ड्युटी संपवून ही बाई तिच्या उशाशी येऊन बसायची. हरिश्चंद्र ते विसरला नव्हता. प्रणयचा जन्मच कुवेतचा. आईनं मराठीत विचारावं आणि यानं इंग्रजीत उत्तर द्यावं, असा त्या घरचा रिवाज. पोरगं मनानं सरळ, पायानं कच्चं. सीझनभर बेंचवर बसलं आणि तिथं खूश होतं. बाटल्या भरायचं, गोल झाला की सगळ्यांच्या आधी उड्या मारायचं. मला आत का घेत नाही म्हणून त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही.

तर अशी ही टीम यंदा फायनलला पोचली आणि महाराष्ट्र मंडळाच्या अंगात आलं. मंडळाचे अध्यक्ष सुमेध वर्तक, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. त्यांचा फोन आला.

“हरीभाऊ, मंडळी बस करून येतायत. ढोल आणतोय आपण. पण एक अट आहे हां, आपला पोरगा खेळताना दिसला पाहिजे. एकच तर आहे टीममध्ये आपला.”

“बघू की,” हरिश्चंद्र म्हणाला, आणि फोन ठेवून शर्टाला इस्त्री करायला लागला.

दुसऱ्या दिवशी वीणाताई एक्स-रेच्या दारात आल्या. त्यांना मागायची सवय नव्हती, त्यामुळे बोलताना ओढणीच्या टोकाशी चाळा चाललेला. “दादा, शेवटी शेवटी जरा वेळ घेतलंत त्याला आत तर बघा. लातूरला त्याच्या आजोबांना व्हिडिओ पाठवीन म्हणते. नाही जमलं तरी काही नाही बरं.”

“ताई, काळजीच करू नका,” हा शहाणा म्हणाला. काय गरज होती? पण जिभेला हाड नसतं.

मॅच सबाह अल-सालेमकडच्या एका भाड्याच्या मैदानावर होती. दिवसभर धुळीचं वादळ होऊन गेलेलं, दातांत रेती करकरत होती. पहिला हाफ कोरडा गेला. सूर्यास्ताची मगरीबची अजान झाली, पोरांनी नमाज पढली, लाइट लागले, आणि दुसऱ्या हाफमध्ये आदिलनं, म्हणजे त्यांच्या इजिप्शियन कॅप्टननं, लांबून असा काही फटका हाणला की जाळं फाटायचं राहिलं. एक-शून्य! ढोल सुरू झाला. बायकांनी डबे उघडून थालीपिठं वाटायला घेतली. समोरची टीम खवळून अंगावर आली, पण त्यांचा नऊ नंबर, तो ताडमाड गडी, महबूबनं खिशात घातला होता. प्रत्येक कॉर्नरला महबूब त्याच्या छातीला छाती लावून उभा. त्याच्यापेक्षा चांगला वीतभर बुटका, पण हेडिंग काही करू देत नव्हता.

मॅच हातात होती. थोडाच वेळ उरला होता आणि एक बदली शिल्लक होती. आणि तेव्हा मागून आवाज आला, “प्रणय! प्रणय!” मग सगळ्यांनीच उचललं. “आपला पोरगा आत घ्या! हरीभाऊ, आपला पोरगा!” हरिश्चंद्रनं वळून बघितलं. वीणाताई मोबाइल वर धरून उभ्या होत्या. सुमेध वर्तक ढोलाच्या तालावर नाचत होते. शे-दीडशे मराठी माणसं ‘हरीभाऊ’ म्हणून त्याला हाका मारत होती, या परक्या मुलखात, सगळ्यांदेखत. खरं सांगायचं तर त्याला गुदगुल्या झाल्या. माझ्या एका बोटावर आहे हे सगळं, असं वाटलं. उपकार फेडणं वगैरे नंतरच्या सबबी. त्या क्षणी त्याला फक्त आणखी एकदा टाळ्या हव्या होत्या.

“प्रणय, जॅकेट काढ.”

पोरगं दचकलं. “सर, नाऊ? आय अ‍ॅम नॉट रेडी, सर.”

“अरे जा रे, मजा कर!”

आणि नेमका तेव्हाच बॉल आदिलच्या पायाला लागून आपल्याच गोलाशेजारून बाहेर गेला. कॉर्नर.

आता इथं कोल्हापूरचं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल काय करायचं ते. काहीच करायचं नाही! कॉर्नर पडला की आपला माणूस बदलायचा नाही. कुणी कुणाला धरायचं ते ठरलेलं असतं, त्यातला एक काढलात की भिंतीतली वीट काढली. तालमीतले आबा हे शिकवताना टपलीत मारायचे, आणि हरिश्चंद्रनं हेच या पोरांना दमात घेऊन शिकवलं होतं. लाइनीवरच्या पंचानंसुद्धा हातातला बोर्ड खाली धरून त्याला विचारलं, कॉर्नर झाल्यावर करायचं का? हरिश्चंद्रनं हात उडवला. आत्ता. मागून ढोल वाजतोय, आत्ताच.

बोर्डावर दोन नंबर लागला. महबूबचा; प्रणय त्याच जागेचा बदली गडी. तो गोलासमोरून लाइनीकडं पळत आला, पण लाइनीच्या आतच थांबला.

“सर, कॉर्नर आहे. नऊ नंबर माझ्याकडं आहे. एवढा होऊ दे, मग येतो.”

“निकल! जल्दी निकल, टाइम मत खा!” हरिश्चंद्र ओरडला.

महबूबनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि बाहेर आला. मागं एकच जल्लोष झाला, “आला, आपला मराठी पोरगा आला!” प्रणय भांबावून आत पळाला. कुठं उभं राहायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो गोलाच्या खांबाला टेकून उभा राहिला. बॉल आला, नऊ नंबर मोकळा उभा होता, त्याला उडीसुद्धा मारावी लागली नाही. एक-एक. नंतर टीमचं अवसानच गळालं. शेवटच्या शिट्टीच्या थोडं आधी समोरचा विंगर प्रणयच्या बाजूनं असा निघून गेला जसं काही तिथं कुणी उभंच नाही. दोन-एक. ढोल केव्हा थांबला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आदिल मैदानातच प्रणयवर धावून गेला, अरबीत नको नको ते बोलला. प्रणय मान खाली घालून ऐकत राहिला. आणि सुमेध वर्तक हरिश्चंद्रजवळ येऊन म्हणाले, “काय झालं हो एकदम?” चार माणसं आणखी गोळा झाली. वीणाताई होत्या. बाटल्यांची पिशवी उचलायला आलेला प्रणय दोन हातांवर होता.

“काय सांगू,” हरिश्चंद्र म्हणाला. “पोरगं घाबरलं. नऊ नंबर धर, नऊ नंबर धर म्हणून बजावलं होतं मी. ऐकायला तर पाहिजे ना.”

तोंडातून गेलं आणि गेलं. वीणाताईंचा चेहरा पडला. प्रणयनं वर बघितलं, पिशवी उचलली आणि गाडीकडं चालायला लागला.

रसिकाही मॅच बघून त्याच्याबरोबरच घरी आली. ही बाई त्याच पेठेतली, लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून मॅचेस बघितलेली. घरात पाऊल टाकलं, पर्स टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काय वो, कॉर्नर पडल्यावर माणूस बदलत्यात व्हय?”

हरिश्चंद्र बूट काढत बसला.

“आणि नऊ नंबर धर म्हणून कवा सांगितलासा? मी मागंच बसलेली. मजा कर म्हणालासा तुम्ही. नाव काय ठेवलंय आईबापानं, आणि करताय काय?”

“जेवायला वाढ,” तो म्हणाला. पण जेवण काही गेलं नाही.

पुढचे दिवस त्याचे फार वाईट गेले. पेशंटच्या छातीच्या फिल्मा बघताना त्याला तो मोकळा उभा राहिलेला गडी दिसायचा. “सांस रोको,” असं पेशंटला सांगून हा दुसऱ्याच विचारात, आणि पेशंट बिचारा तोंड लाल करून उभा. मंडळाच्या ग्रुपवर प्रणयच्या नावानं जोक फिरत होते. बस भाड्याचे पैसे प्रणयकडून घ्या, असं कुणीतरी लिहिलं आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. हरिश्चंद्र एकटा बाथरूममध्ये जाऊन तो ग्रुप वाचायचा आणि लाजेनं त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. एक ओळ लिहायची होती, माझी चूक. इतकं सोपं. चारदा लिहिली आणि चारदा पुसली. प्रॅक्टिसला सुट्टी आहे असं पोरांना कळवून टाकलं, त्यांची तोंडं बघायची हिंमत नव्हती.

मग एक दिवस वीणाताई परत एक्स-रेच्या दारात आल्या. याला वाटलं, आता बोलणार. बोलू दे, सुटेन तरी. पण त्यांनी हातच जोडले.

“दादा, माफ करा आम्हाला. माझ्याच हट्टापायी झालं. मी घरी त्याला खोदून खोदून विचारलं, तुला सर काय म्हणाले होते म्हणून. तर म्हणाला, सरांनी सांगितलं होतं आई, मीच विसरलो. टीम सोडतो म्हणतोय. सोडू दे. तुमच्या वर्षाच्या कष्टाचं पाणी केलं माझ्या लेकरानं.”

“असं म्हणाला?”

“हो ना. सरांची काही चूक नाही म्हणाला.”

हरिश्चंद्र स्टुलावर बसला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. एकोणीस वर्षांचं पोरगं, ज्याला धड मराठी बोलता येत नाही, ते आपल्या आईशी खोटं बोललं होतं, कशासाठी, तर याची लाज झाकायला. आणि हा पन्नाशीचा घोडा त्या पोराआड दडून बसला होता. वीणाताईंना तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात पुढचा पेशंट आला, आणि त्या गेल्या. पेशंट आला याचं त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची पुन्हा लाज वाटली.

त्या शुक्रवारी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी. लावण्या, पोवाडा, जेवायला पुरणपोळी. आणि वर्तकांनी परस्पर ठरवून टाकलेलं की हरीभाऊंचा सत्कार करायचा. हरले म्हणून काय झालं, फायनलपर्यंत तर नेलं! हरिश्चंद्रच्या गळ्यात शाल पडली, हातात नारळ आला. वर्तक माइकवर म्हणाले, “आमच्या एका खेळाडूनं जरा घोटाळा केला, नाहीतर कप आपलाच होता!” हॉल हसला. शेवटच्या रांगेत आईशेजारी प्रणय बसला होता. तोही हसला, सगळे हसले की हसावं लागतं तसं.

हरिश्चंद्रनं माइक घेतला. नारळ कुठं ठेवावा ते कळेना, तो काखेत धरला.

“घोटाळा मी केला,” तो म्हणाला. “प्रणयनं न्हवं. कॉर्नर पडलेला असताना मी माणूस बदलला. पोरगं मला म्हणालं होतं, मी तयार नाही. मी ऐकलं नाही. नऊ नंबर धर असं मी त्याला काही सांगितलं नव्हतं. मॅच संपल्यावर तुमच्यापुढं खोटं बोललो. तुमच्या टाळ्या पाहिजे होत्या मला, म्हणून त्याला आत ढकलला, आणि शिव्या खायच्या वेळी पण त्यालाच पुढं केला. ही शाल मला नको.” त्यानं शाल काढली, आणि ती कुणाला द्यायची ते न कळून खुर्चीवर ठेवली.

मग वर्तकच म्हणाले, “अहो हरीभाऊ, किती मनाला लावून घेता! खेळ आहे!” आणि टाळ्या सुरू झाल्या. मोठ्या मनाचा माणूस, असं कुणीतरी म्हणालं. हरिश्चंद्रला त्या टाळ्या नको होत्या, पण पडल्या. खाली उतरला तर वीणाताई डोळे पुसत होत्या, त्याच्याशी बोलल्या नाहीत. ते त्याला योग्यच वाटलं. प्रणय मात्र उठून आला.

“यू डिडन्ट हॅव टू, सर,” तो म्हणाला.

“प्रॅक्टिसला ये उद्यापासून.”

“येतो,” पोरगं म्हणालं. मराठीत.

बाहेर गाडीत बसल्यावर हरिश्चंद्रला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास आला. रसिका शेजारी बसली, पुरणपोळीचा डबा मांडीवर.

“झालं एकदाचं,” तो म्हणाला.

“महबूबकडं गेलासा?”

“जायचंय. आत्ताच जाऊ, वाटेवरच आहे. त्याला काय, समजूतदार पोरगं आहे ते.”

यूसुफ मुकादमचं दुकान शुक्रवारच्या नमाजनंतर नुकतंच उघडलं होतं. बाप आत कुणाच्या तरी फोनची काच बसवत होता, महबूब काउंटरवर होता. हरिश्चंद्रला बघून तो उभा राहिला. रसिकानं डबा पुढं केला.

“महबूब, चुकलं माझं,” हरिश्चंद्र सरळच म्हणाला. जमून आलेलं होतं, आता अडखळायला होत नव्हतं. “तू सांगत होतास, कॉर्नर आहे म्हणून. मी ऐकायला पाहिजे होतं. मंडळात सगळ्यांपुढं सांगून आलोय आज, चूक माझी होती.”

“ठीक आहे सर,” महबूब म्हणाला. “कॉर्नरचं काय, होतं असं. आदिलकडूनच गेला ना बॉल बाहेर.”

“मग? राग नाही ना?”

महबूबनं डब्याचं झाकण उगाचच दाबून बघितलं.

“राग नाही सर. पण मी मराठीत बोललो तुमच्याशी, आणि तुम्ही हिंदीत उत्तर दिलंत. सीझनभर कधी दिलं नव्हतंत.”

हरिश्चंद्र हसायला गेला. अरे, गडबडीत तोंडातून निघालं, असं म्हणायला गेला. आणि मग त्याला ते मैदान दिसलं, ढोल ऐकू आला, मागची माणसं ‘आपला पोरगा, आपला पोरगा’ म्हणून ओरडत होती, आणि पुढं लाइनीवर एक पोरगा उभा राहून त्याला मराठीत सांगत होता की नऊ नंबर माझ्याकडं आहे. ‘एकच तर आहे टीममध्ये आपला,’ असं वर्तक फोनवर म्हणाले होते आणि हा ‘बघू की’ म्हणाला होता. दुरुस्त केलं नव्हतं. आज माइकवर सगळी चूक कबूल केली, प्रणयचं नाव घेतलं, याचं नाव तोंडात आलंसुद्धा नाही.

“तिथं बायका थालीपीठ वाटत होत्या ना सर,” महबूब म्हणाला, अगदी साधेपणानं, तक्रार करतोय असं न वाटू देता. “मी बाहेर येऊन बसलो तर एक मावशी मला पण द्यायला आल्या. ‘खाओ बेटा, ये हमारे यहाँ का है’ म्हणाल्या. मी घेतलं. चांगलं झालं होतं.”

आतून यूसुफनं हाक मारली, “महबूब, सरांना बसायला दे की रे. चहा सांग.” महबूब स्टूल आणायला मागं वळला. रसिकानं नवऱ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. हरिश्चंद्र काउंटरला धरून उभा राहिला. महबूबनं स्टूल आणून पुढं ठेवलं, तरी त्याच्यानं बसवेना.